डॉक्टरांचा विमा ही पेशंटचीही गरज आहे

जालना रोडवर धावणाऱ्या प्रत्येक रिक्षाला थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. त्याच रस्त्यावरच्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला मात्र प्रॅक्टिस करण्यासाठी असा विमा सक्तीचा नाही. मी स्वतः डॉक्टर आहे, तरीही मला हे चुकीचे वाटते.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. २०१३ मध्ये कोलकात्याच्या अनुराधा साहा प्रकरणात भरपाई व्याज सोडून सुमारे सहा कोटी रुपये ठरली. त्यातला मोठा वाटा हॉस्पिटलवर पडला. पण दहा खाटांचे नर्सिंग होम चालवणारा डॉक्टर याच्या चौथा हिस्सा तरी कुठून आणणार? मग निकाल पेशंटच्या बाजूने लागतो आणि वसुलीसाठी दुसरी लढाई सुरू होते.

या विम्याला प्रोफेशनल इन्डेम्निटी म्हणतात. निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर ठरलेल्या मर्यादेपर्यंतची भरपाई विमा कंपनी देते. यात एक मेख आहे. बहुतेक पॉलिसींमध्ये उपचाराच्या वेळीच नव्हे, तर दावा दाखल होतो तेव्हाही विमा चालू असावा लागतो. ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. मधल्या काळात डॉक्टरांनी निवृत्त होऊन पॉलिसी बंद केली, तर पेशंटच्या हाती काय उरते?

काही जण म्हणतात, विमा असला की डॉक्टर बेफिकीर होतील. विमा पैसे देतो, नोंदणी वाचवत नाही. मेडिकल कौन्सिल नाव काढून टाकू शकते, ती भीती कायम राहते. माझे सहकारी म्हणतात, सक्ती केली की तक्रारी वाढतील. मला उलट वाटते. घरदार जाण्याची धास्ती असलेला डॉक्टर गरज नसलेल्या तपासण्या लिहितो आणि अवघड पेशंट पुढे पाठवतो. त्याचा खर्च आणि त्रास शेवटी तुम्हालाच होतो.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात १९८० च्या दशकापासून मूळ विम्यावर जादा संरक्षणाचा दुसरा थर आहे. त्याला सरकारी पैसा मिळतो आणि विधिमंडळ त्या कायद्याची मुदत वाढवत आले आहे. आपल्याकडे अजून पहिलाच थर नाही.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते. त्या वेळी तीस क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. सोबत चालू पॉलिसीही दाखवायला लावा. नर्सिंग होमच्या नोंदणीलाही तीच अट घाला. निवृत्तीनंतरची किमान दोन वर्षे त्यात धरा. लहान गावातल्या डॉक्टरांच्या हप्त्याचा काही भार सरकारने उचलावा.

प्रत्येक मृत्यू म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे मी पेशंटना नेहमी सांगतो. पण जिथे चूक सिद्ध होते, तिथे भरपाई डॉक्टरांच्या ऐपतीवर अवलंबून असू नये. मत मागायला येणाऱ्या आमदारांना याबद्दल जरूर विचारा.