ब्रेक कुठे लावायचा?

परवा नात कॉलेजातून आली ती तोंड पाडूनच. सी भाषेची तोंडी परीक्षा होती. "स्विचमध्ये प्रत्येक केसनंतर ब्रेक का लिहितात?" असं विचारलं. हिचं उत्तर, "लिहायचाच असतो." गुण गेले. वर्गात तेवढंच सांगितलं होतं म्हणे.

मला सीमधलं ओ की ठो कळत नाही. पण 'असतंच तसं' हे उत्तर माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. व्याकरणाच्या तासाला मीही मुलांना असंच गप्प केलंय. म्हणून म्हटलं, "चल, मला शिकव."

आमच्या घणसोलीचीच गाडी घेतली. केस १ घणसोली, २ कोपरखैरणे, ३ तुर्भे, ४ सानपाडा, ५ वाशी. ब्रेक मुद्दाम लिहिला नाही. आकडा दिला २. पडद्यावर कोपरखैरण्यापासून वाशीपर्यंत चारही नावं!

"आजोबा, एकच यायला हवं होतं ना?"

"अगं, कोपरखैरण्याला चढलीस. पण उतरलीस कुठे?"

ती हसली, आणि मलाही कळलं. केस ही फलाटावरची नुसती पाटी. कुठे चढायचं एवढंच ती सांगते. उतरायचं तर ब्रेक म्हणावं लागतं, नाहीतर थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत.

आणि हा काही दोषच नव्हे. एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर या चार पाट्या एकाखाली एक लावल्या की '३० दिवस' एकदाच लिहून भागतं.

ब्रेक नको तिथे पडला तरी घात होतो. डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल प्रयोगशाळेत सी घडवली. ही प्रयोगशाळा तेव्हा ज्या एटी अँड टी कंपनीची होती, तिचंच अमेरिकेतलं लांब पल्ल्याचं टेलिफोन जाळं १५ जानेवारी १९९० रोजी सुमारे नऊ तास कोलमडलं. कारण स्विचच्या पोटातल्या इफमध्ये लिहिलेला एक ब्रेक. ब्रेक इफमधून नाही, अख्ख्या स्विचमधून बाहेर काढतो. म्हणजे मधल्याच स्टेशनावर उतरणं झालं, पुढचं काम तसंच राहिलं.

२००९ साली आलेल्या गो भाषेत केस संपली की आपोआप बाहेर पडतात, पुढे जायचं तर तसं लिहावं लागतं. छान सोय आहे. पण लिनक्सचा गाभा आजही मुख्यतः सीमध्येच आहे, तेव्हा मुलांना सी वाचता यायलाच हवी.

म्हणून माझं मत असं की पहिल्या तासाला ब्रेक शिकवूच नये. ब्रेक नसलेला स्विच फळ्यावर लिहावा, मुलांना ओळीवर बोट ठेवून चालायला लावावं, काय छापलं जाईल ते वहीत लिहून घ्यावं. उत्तर चुकलं की ती स्वतःच विचारतील, "आता थांबवायचं कसं?" ब्रेक सांगायची वेळ ती.

प्रश्न पडायच्या आधी दिलेलं उत्तर पाठ होतं, कळत नाही. हे मला नोकरीत असताना सुचलं असतं तर! असो. नात पुढच्या तोंडी परीक्षेची वाट बघतेय.