‘अनफिट’चा शिक्का कोण तपासणार?

आखातात निघालेल्या पोराला मेडिकलमध्ये ‘अनफिट’ ठरवलं की कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यात दोनच गोष्टी होतात. घरचे ‘नसीब’ म्हणून गप्प बसतात आणि शेजारी कुजबुजू लागतात. व्हिसासाठी काढलेलं कर्ज अंगावर पडतं, ठरलेलं लग्न मोडतं. पण तो निकाल कितपत खरा, हे कोणी विचारत नाही. माझं भांडण या न विचारण्याशी आहे.

हिशेब सोपा आहे. समजा, दहा हजार तरुणांची एचआयव्ही चाचणी झाली. वीस जणांना खरोखर संसर्ग आहे आणि ते सगळे सापडले. निरोगी माणसाला निरोगी म्हणण्यात ही चाचणी ९९ टक्के अचूक आहे. म्हणजे उरलेल्या ९,९८० जणांपैकी जवळपास शंभर जण उगाचच पॉझिटिव्ह येणार. १२० पॉझिटिव्हमध्ये शंभर निरोगी! म्हणूनच लक्षणं नसलेल्या माणसाला एचआयव्ही आहे असं सांगण्याआधी तीन वेगवेगळ्या चाचण्या करा, असं आपल्या ‘नॅको’चं धोरण सांगतं. पहिली चाचणी ही फक्त चाळणी. चाळणीत अडकला तो खडाच, असं नसतं.

हे झालं यंत्र नीट चालताना. ते बिघडलं तर? त्यावरचा उपाय लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्येच मांडला. उत्तर आधीच ठाऊक असलेला नमुना रोज तपासायचा आणि आकडा आलेखावर मांडायचा. तो सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडे गेला, तर कारण सापडेपर्यंत रिपोर्ट रोखायचे.

‘एवढ्या गर्दीत हे कोण बघणार?’ असं कोणी म्हणेल. मग वाण्याचा तराजू तरी कशाला तपासता? त्यावर सरकारी शिक्का लागतो, पॅथॉलॉजी लॅबला मात्र एनएबीएलचं मानांकन ऐच्छिक! मापात पाप करणाऱ्यांवर कुरआनात ‘अल-मुतफ्फिफीन’ ही सूरह आहे. जुम्याच्या बयानात ती दुकानदारापुरतीच का उरते? रक्त तपासणाऱ्याला ती लागू नाही का?

तेव्हा ‘अनफिट’चा कागद हातात पडला की वेगळ्या पद्धतीने फेरचाचणी मागा. त्या दिवसाचा कंट्रोल चार्ट दाखवा म्हणा. पोरगा एकटा गेला तर हाकलून देतील, म्हणून जमातीने सोबत जावं. निकाल पक्का होईपर्यंत मोहल्ल्याने तोंड आवरावं. आणि पक्का झाला, तरी आजार हा गुन्हा नाही.