आधी घरं, मग पिल्लं

इथे टेक्सासमध्ये येमेनचा व्हेल्ड शॅमेलिऑन पाळता येतो. (भारतातल्या आपल्या घोयऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे, तो पाळायचा नाही.) आमच्याकडे एक मादी आहे. आता नर आणू, पिल्लं देऊन टाकू, असा रूममेटचा प्लॅन. म्हणे, "तिलाही वाटत असेल रे!"

माझं मत, नको. मादी नराशिवायही अंडी घालते, फक्त त्यातून पिल्लं होत नाहीत. तेव्हा निसर्गाचा दाखला नको. फळली तर एका वेळी ३०-४० अंडी सहज. सहा-नऊ महिने ती सांभाळा, मग रोज फळमाश्या पैदा करा. शिवाय मोठी होताना पिल्लं भांडतात, म्हणजे प्रत्येकाला वेगळा पिंजरा! हौसेने नेणारे मित्र दोन-तीन. बाकीच्यांचं काय?

१९७२ साली हवाईत केनियाचे काही डझन जॅक्सन शॅमेलिऑन बागेत सोडले गेले. आज ते तिथले कीटक, गोगलगायी फस्त करतात. फ्लोरिडातही व्हेल्ड रानात पसरलेत. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण तिकडे लागू नाही!

म्हणून माझी अट साधी आहे. तीस पिल्लांना तीस घरं आधी कागदावर दाखव, मग नराचं बोलू. सध्या त्या यादीत दोन नावं आहेत.