प्रोग्राम लिहिणाराही लेखकच

वणीतले डीटीपीवाले, दुकानदार आणि प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलामुलींसाठी

सप्तशृंगी गडावरचा चैत्रोत्सव किंवा नवरात्र जवळ आलं की वणीत बॅनर, पत्रिका, पावतीपुस्तकं यांची एकच झुंबड उडते. मजकूर मराठी, म्हणजे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर हवंच, आणि ते कितीतरी वेळा पेनड्राइव्हवरून येतं. सेटअपशेजारी ‘क्रॅक’ नावाची फाइल असते आणि ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना. दुसऱ्याची कादंबरी छापून विकली तर आपण त्याला सरळ चोरी म्हणतो. कायद्याच्या लेखी हीही तीच चोरी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणक प्रोग्राम ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत आला. प्रोग्राम लिहिला त्या क्षणी हक्क जन्मतो, नोंदणीची सक्ती नाही (वाद झाला तर पुरावा म्हणून ती उपयोगी पडते), आणि लेखकाच्या हयातीनंतरही तो ६० वर्षं टिकतो. मात्र संरक्षण लिहिलेल्या कोडला आहे, कल्पनेला नाही. कांद्याची हिशेबपट्टी काढणारा प्रोग्राम एकाने केला म्हणून दुसऱ्याला बंदी नाही. त्याने तो स्वतः लिहावा, पहिल्याचा उचलू नये.

‘कॉपी केली तर मूळ थोडंच कमी होतं?’ असं म्हणतात. पण प्रोग्रामचा जवळजवळ सगळा खर्च पहिली प्रत तयार होईपर्यंतच होऊन जातो, आणि तो पुढच्या प्रतींतूनच भरून यायचा असतो. त्यात मराठीचं गिऱ्हाईक मोजकं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारखं सॉफ्टवेअर फुकट फिरत राहिलं, तर नवे टंक आणि सुधारणा कोणाच्या पैशांतून व्हायच्या? किंमत परवडत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. लहान दुकानाला ती जड जाते. पण त्यावर चोरी हाच एक उपाय उरलेला नाही. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बालू हे युनिकोड टंक खुल्या परवान्यावर मोफत मिळतात, धंद्यालाही चालतात. तो खुला परवानाही कॉपीराइटवरच उभा आहे. ज्याचा हक्क असतो, त्यालाच आपली वस्तू अटी घालून वाटता येते.

‘वणीत कोण येतंय पकडायला?’ हा तर युक्तिवादच नव्हे. कलम ६३ब नुसार चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणंही गुन्हा आहे: सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. घरगुती, बिनकमाईच्या वापराला न्यायालय कैदेतून सूट देऊ शकतं. धंद्यासाठी वापरणाऱ्याला ती नाही.

लिहिणाऱ्यांनाही चार शब्द सांगायचे आहेत, कारण त्यांचं नुकसान पुष्कळदा त्यांच्याच गाफीलपणातून होतं. पगारी नोकरीत लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. पण एखाद्या व्यापाऱ्याला स्वतंत्रपणे बिलिंगचा प्रोग्राम करून दिला, तर पैसे घेतले म्हणून कॉपीराइट त्याच्याकडे जात नाही. व्यापाऱ्याला फक्त प्रोग्राम वापरण्याची मुभा मिळते. हक्कच द्यायचा तर लेखी, सहीनिशी द्यावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. हक्क विकला तरी ‘हे मी लिहिलं’ असं म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. तोंडी व्यवहारात हे सगळं अंधारात राहतं आणि पुढे दोन्ही बाजू भांडत बसतात.

म्हणून विनंती आहे. प्रोग्राम करून देणाऱ्यांनी कोड हवाली करण्याआधी एक पान लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. आणि डीटीपीवाल्यांनी यंदाच्या नवरात्राचा पहिला बॅनर करायला बसण्याआधी ती क्रॅक फाइल काढून टाकावी, अँटिव्हायरस पुन्हा सुरू करावा आणि तो बॅनर विकत घेतलेल्या किंवा खुल्या टंकात करावा.