चार चौकटींची शाळा

अभ्यासाच्या पुस्तकात दडवून कॉमिक वाचणाऱ्या मुलाच्या पाठीत धपाटा घालणे, हे मराठी घरांत बरीच वर्षे पालकांचे कर्तव्य मानले जात असे. ‘इंद्रजाल’मधला वेताळ किंवा बहादूर उशीखाली सापडला की डोळे बिघडतात, भाषा बिघडते आणि मुलगा वाया जातो, ही त्रिसूत्री ठरलेली. आता वारे फिरले आहे. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांतील धड्यांवर आधारलेली शंभराहून अधिक कॉमिक्स प्रसिद्ध केली. ती तयार केली होती सीबीएसई शाळांतल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी. मे २०२५ मध्ये मुंबईत ‘वेव्हज’ ही दृक्‌श्राव्य आणि मनोरंजन क्षेत्राची परिषद भरली. तिच्या निमित्ताने सरकारने ज्या स्पर्धा घेतल्या, त्यांत एक स्पर्धा कॉमिक्स निर्मितीचीही होती. धपाट्यापासून पारितोषिकापर्यंतचा हा प्रवास मजेदार खराच.

याच ओघात आणखी एक विचार पुढे आला आहे. मुलांनी कॉमिक्स नुसती वाचू नयेत, गटाने बसून तयारही करावीत. त्यातून संघभावना, सर्जनशीलता आणि नेतृत्व हे गुण वाढीस लागतात, असे सांगितले जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हे गुण शाळेने रुजवावेत, असे म्हटलेलेच आहे. मात्र धोरणातला शब्द जाहिरातीत शिरला की त्याचे काय होते, हे आपण जाणतो. दहा दिवसांच्या शिबिरात नेता घडवून देण्याची हमी देणारे फलक उन्हाळ्यात गल्लोगल्ली लागतात. म्हणून या म्हणण्यात तथ्य किती आणि कोणत्या अटींवर, हे नीट पाहायला हवे.

मुळात आपल्या शाळेत सहकार्य शिकवले जाते कुठे? नेतृत्व म्हणजे मॉनिटर, आणि मॉनिटर म्हणजे बाई वर्गाबाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा. परीक्षेत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावणे हा गुन्हा. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांनाही प्रत्येकाने आपापला कागद घेऊन एकट्याने बसायचे. दहा-बारा वर्षे मुलाला एकट्याने उत्तर लिहायला शिकवायचे आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत ‘चारजणांत मिसळून काम करता येते का?’ असे विचारायचे, असा हा व्यवहार आहे. हा दोष केवळ आपलाच नव्हे. ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१५ साली पंधरा वर्षांच्या मुलांचे सहकार्याने प्रश्न सोडवण्याचे कौशल्य तपासले गेले. मौज अशी की, मुलाला बसवले होते संगणकापुढे, एकट्याला. त्याचे ‘सहकारी’ संगणकानेच उभे केलेले होते! मोजमापाची सोय म्हणून ते ठीक असेल, पण संगणकाचा सहकारी रुसत नाही, डबा खायला उठून जात नाही आणि ‘माझ्या चित्राला का हात लावलास?’ असे विचारत नाही.

कॉमिक तयार करताना नेमके हेच सारे घडते. समजा, पाच मुलांना विषय दिला, शाळेतला गळका नळ. चारच चौकटी, एकच कागद. एकाने गोष्ट लिहायची, दुसऱ्याने पेन्सिलने आखायचे, तिसऱ्याने शाईने गिरवायचे, चौथ्याने संवादाच्या फुग्यांतली अक्षरे लिहायची, पाचव्याने सगळ्यांचा मेळ घालायचा. लिहिणाऱ्या मुलीने शिपाईमामांच्या तोंडी पाण्याच्या महत्त्वावर चौदा ओळींचे भाषण घातले आहे. ते फुग्यात मावत नाही. फुगा मोठा करावा तर नळच झाकला जातो. आता कुणीतरी तिला सांगायला हवे की भाषण काढ, नुसती भरून वाहणारी बादली दाखवू. सांगणाऱ्याला ते न दुखावता सांगावे लागते आणि ऐकणारीला सोसावे लागते. मात्र हा हुकूम बाईंचा नाही, की मॉनिटरचाही नाही. कागदावर जागा नाही, हे दोघांनाही डोळ्यांनी दिसते. वादाचा निकाल कामच लावते. या पद्धतीचे सारे बळ मला यात दिसते.

सर्जनशीलतेचेही तसेच. ‘मनाला येईल ते काढा’ असे म्हटले की बहुतेक मुले दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि नारळाचे झाड काढतात. चारच चौकटी आहेत म्हटल्यावर मात्र काय दाखवायचे आणि काय गाळायचे, याचा विचार सुरू होतो. दोन चौकटींमधली मोकळी जागा वाचकाने आपल्या मनाने भरायची असते. ती किती ठेवावी, हे ठरवताना मुलाला पहिल्यांदा दुसऱ्याच्या डोक्यात शिरून बघावे लागते. पहिल्या चौकटीत चौकड्यांचा शर्ट घातलेला मुलगा तिसऱ्या चौकटीत साध्या शर्टात आला, तर ते कुणाच्या तरी नजरेला आले पाहिजे. बँकेत आम्ही याला ‘मेकर-चेकर’ म्हणत असू. नोंद करणारा एक, तपासणारा दुसरा. तपासणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे भल्याभल्यांना निवृत्तीपर्यंत उमगत नाही.

नोकरीच्या काळात नेतृत्वविकासाच्या बऱ्याच वर्गांना मी बसलो. डोळे बांधून चालणे, दोरीच्या गाठी सोडवणे, असे खेळ असत. खेळ संपला की चहा, आणि चहाबरोबर खेळही संपे. मागे काही उरतच नसे. कॉमिकचा कागद मागे उरतो. तिऱ्हाईताने तो वाचला आणि त्याला गोष्ट कळली नाही, तर नेत्याला सबब सांगता येत नाही.

ही कल्पना आपल्या मातीला परकी आहे, असेही नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजातली चित्रकथी परंपरा पाहा. एकेक चित्र प्रेक्षकांपुढे धरून कथा सांगायची आणि साथीदारांनी ताल-सुराची साथ करायची, असा तो खेळ. ती परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा शहरातल्या अनेकांनी पिंगुळीचे नाव प्रथम ऐकले. १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेली ‘अमर चित्र कथा’ हेही एकट्याचे काम नव्हते. लेखक, संपादक, राम वाईरकर आणि प्रताप मुळीक यांच्यासारखे चित्रकार अशा अनेक हातांतून एकेक अंक जाई. ‘टिंकल’मधला सुप्पंडी हा भाबडा नोकर १९८३ साली जन्माला आला तो त्रिचीच्या एका वाचकाने पाठवलेल्या लोककथांतून, त्याला चेहरा दिला वाईरकरांनी. सुप्पंडी नेमका कुणाचा, या प्रश्नाला एका नावाचे उत्तर देता येणार नाही.

शिकवण्याचे साधन म्हणून हे प्रयोगही झालेले आहेत. न्यू यॉर्कमध्ये मायकेल बिट्झ यांनी २००१ साली शाळा सुटल्यानंतरच्या वर्गांत मुलांकडून कॉमिक्स करून घेण्याचा उपक्रम सुरू केला आणि तो पुढे इतर शहरांत पसरला. आपल्याकडे व्यंगचित्रकार शरद शर्मा यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ने त्याहून साधी रीत रुजवली. साध्या आकाराचे दोन कागद जोडायचे, चार चौकटी आखायच्या, आपल्या गावचा प्रश्न आपणच चितारायचा, झेरॉक्स काढायच्या आणि भिंतीवर लावायच्या. कधी हातात ब्रश न धरलेल्या माणसांनी असे कागद केले. उत्तम चित्रकला ही अट नाही आणि खर्च म्हणाल तर काही रुपयांचा.

मग अडते कुठे? पहिली अडचण माणसांची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तर कलेसाठी शिक्षक सांगितला, तोही अर्धवेळ. पन्नास मुलांच्या वर्गात दहा गट करून प्रत्येकाचे भांडण ऐकायला वेळ कुणाकडे आहे? मग सोपी वाट निघते. ज्याचा हात चांगला तो सगळे काढतो, मुली रंग भरतात, अबोल मूल पेन्सिलींना टोके करते आणि मोठ्याने बोलणारा ‘नेता’ ठरतो. भूमिका दर वेळी बदलल्या नाहीत, तर जुनी उतरंडच रंगीत होऊन भिंतीवर लागते.

दुसरी अडचण आपली, पालकांची. शाळेने दिलेला प्रकल्प रात्री अकरा वाजता वडिलांनी छापून आणायचा आणि आईने चिकटवायचा, ही आपली रीत. तिला आता नवे यंत्र मिळाले आहे. २०२२ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेची चित्रे काढून देणारी साधने घरोघर पोचली. चार ओळी लिहिल्या की चकचकीत पान तयार होते. त्यात शर्ट बदलला म्हणून कुणी भांडत नाही, भाषण कापले म्हणून कुणी रुसत नाही. पान सुंदर, पण ज्यासाठी हा सारा खटाटोप करायचा, ते शिक्षण तेवढे वजा. स्पर्धेचेही तेच. बक्षीस पानाला मिळते. पानामागे पाचजणांनी एकमेकांना कसे सांभाळले, हे परीक्षकांना दिसत नाही.

यावर मला एक हिशेबी उपाय सुचतो. शाखा कशी चालली आहे हे नुसत्या ताळेबंदावरून कळत नाही. त्यासाठी रोजकीर्द उघडावी लागते. शाळेनेही पक्क्या पानाला गुण देऊ नयेत. खोडलेले आराखडे, कापलेले संवाद, कुणाच्या सूचनेवरून काय बदलले याची मुलांनीच ठेवलेली नोंद, ही कॉमिकची रोजकीर्द मागावी आणि स्नेहसंमेलनातल्या प्रदर्शनात पक्क्या पानाशेजारी तीही टांगावी. दर वेळी मेळ घालणारे मूल वेगळे असावे आणि शेवटचा वाचक गटाबाहेरचा. एवढे पाळले, तर महागड्या शिबिराची गरज जिल्हा परिषदेच्या शाळेलाही पडणार नाही आणि इंग्रजी शाळेलाही.

नेता घडण्याची हमी यातून कुणी देऊ नये. पण आपले वाक्य दुसऱ्याने कापले तरी जग बुडत नाही, हे जे मूल बाराव्या वर्षी शिकते, त्याच्याबरोबर पुढे काम करणाऱ्यांचे आयुष्य बरेच सुसह्य होते. तेव्हा सुट्टीच्या दिवशी शेजारपाजारची चार मुले गोळा होऊन, चौथ्या चौकटीत काय काढायचे यावर तावातावाने भांडत असतील, तर मोठ्यांनी थोडा वेळ त्या खोलीत न गेलेलेच बरे.