घर व अंगण : कुंपणाचा पाय

घर बांधतांना आपण दारांचें लांकूड चारचारदां पारखून घेतों. पण कुंपणाची पाळी येते तेव्हां हातांतील पैसा व अंगांतील उत्साह हीं दोन्ही संपलेलीं असतात. मग जें स्वस्त व लवकर मिळेल तें आपण उभें करतों. आमच्या कोंकणांतील घरीं असेंच झालें. थोरल्या बंधूंनीं स्वस्तांत मिळालेल्या सागाच्या मेढी पुरून कुंपण केलें. तिसऱ्या पावसाळ्यांत एका रात्रीं तें आडवें झालें, आणि सकाळीं पाहतों तों गुरांनीं काकूंचीं आंब्याचीं कलमें ओरबाडून टाकलेलीं! दोन उन्हाळे काकूंनीं घागरीनें पाणी वाहून तीं जगविलीं होतीं. त्या कोणास एक शब्द बोलल्या नाहींत. मात्र त्या दुपारीं त्यांना जेवण गेलें नाहीं.

मेढी उपटून पाहिल्या तेव्हां उलगडा झाला. वरचा भाग खणखणीत होता, खोल पुरलेलें टोकही बरें होतें. कुजला होता तो जमिनीलगतचा वीतभर भाग. लांकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओल व हवा दोन्ही लागतात. वर हवा असते पण लांकूड वाळतें. खोलांत ओल असते पण हवा कमी. दोहोंची गांठ पडते ती जमिनीच्या कडेशीं. वाळवीही तेथूनच चढते. म्हणून कुंपणाची परीक्षा त्याच्या पायाशीं करावी.

लांकूडच घालावयाचें तर सागाचा किंवा खैराचा गाभा घ्यावा. बाहेरचा पांढरट थर सागाचा असला तरी टिकत नाहीं; आमच्या मेढींत तोच अधिक होता. सोंटी कामेशन् या भारतीय संशोधकानें १९३३ सालीं तांबें, क्रोमियम व सोमल यांचें मिश्रण शोधून काढलें. तें दाबानें लांकडांत भरल्यास कीड व बुरशी दूर राहतात. परंतु सोमलाच्या भीतीमुळें अमेरिकेंत २००३ च्या अखेरीपासून घरगुती कामांत तें बहुतेक बंद झालें. मुलें खेळतात त्या अंगणांत तें नसावें, आणि अशा लांकडाचे तुकडे चुलींत कधींही घालूं नयेत.

तार घ्यावी ती जस्ताचा जाड मुलामा असलेली. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वांचवितें. मात्र समुद्राच्या खाऱ्या हवेंत तें लवकर संपतें. सिमेंटचे खांबही अमर नव्हेत. सळईवरील सिमेंटचा थर पातळ असला किंवा खाडीची खारी वाळू वापरलेली असली, तर सळई गंजून फुगते व खांब चिरतो. ज्या खांबांतून सळई डोकावते तो निःसंकोच परत करावा.

कोंकणांत खरा सोबती जांभा. खाणींतून निघतांना तो मऊ असतो व हवेंत कठीण होतो. म्हणून ताजा चिरा लगेच लावण्याची घाई करूं नये. चुन्याशिवाय रचलेल्या गडग्याच्या फटींतून पावसाचें पाणी वाहून जातें, आणि एखादा दगड निसटला तर घरचाच माणूस तो जागेवर बसवितो. जेथें दगड परवडत नाहीं तेथें पावसाळ्याच्या आरंभीं गिरिपुष्पाच्या जाड फांद्या रोवाव्या. त्या मुळें धरतात, आणि जिवंत खांब सहसा कुजत नाहीं. शिवाय पाल्याचें खत मिळतें. शेराचें कुंपण मात्र मुलांच्या घरीं टाळावें. त्याचा चीक डोळ्यांस भयंकर इजा करतो.

आम्हीं अखेरीस रस्त्याच्या बाजूस गडगा घातला व मागें गिरिपुष्प लावलें. पहिल्या वर्षीं खर्च अधिक आला, हें खरें. पण दर दोन-तीन वर्षांनीं मेढी बदलण्याचा हिशेब मांडला तेव्हां कुंपणच शेत खात होतें, हें बंधूंनींही कबूल केलें. पुढच्या पावसाळ्यांत नवीं कलमें त्यांनींच आणलीं व काकूंच्या पुढें ठेवलीं. काकूंनीं तीं लावलीं. परंतु त्याआधीं गडग्याकडे एक फेरी मारून आल्या.

पाऊस सुरू होण्यापूर्वीं आपणही आपल्या कुंपणाच्या एका खांबाशीं चार बोटें माती उकरून पाहावी.