एकच रुग्ण, दोन खाती

व्यसनमुक्ती म्हणजे केवळ बाटली सुटणे, हा समज अद्याप पुरता मावळलेला नाही. वस्तुत: अनेक रुग्णांत व्यसनाच्या जोडीला नैराश्य वा चिंताविकार असतो. तो तसाच राहिला, तर सुटलेले व्यसन पुन्हा डोके वर काढते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींनाही मनोविकाराच्या व्याख्येत स्थान दिले. प्रशासनातील फाळणी मात्र कायम आहे. स्वयंसेवी व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान देते केंद्राचे सामाजिक न्याय खाते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आरोग्य खात्याच्या अखत्यारीत.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणानुसार, मद्यावलंबी ३८ व्यक्तींपैकी एकालाच काही उपचार मिळाले होते. एवढ्या साऱ्यांना दाखल करून घेणे अशक्य. हातावर पोट असणाऱ्याला महिनाभराचा खाडाही परवडणारा नाही. तीव्र शारीरिक त्रास वा आत्महत्येचा धोका असेल, तर दाखल करणे अपरिहार्यच. इतरांसाठी बाह्यरुग्ण विभागातील गटोपचार व्यवहार्य ठरतात. रुग्ण कामधंदा सांभाळून ठरल्या दिवशी येतो, समदु:खींपुढे मन मोकळे करतो आणि मानसोपचारतज्ज्ञ तेथेच त्याची औषधे तपासतो.

दोन खात्यांमधील भिंत पडल्याखेरीज रुग्णाची दोन दारांमधील ही पायपीट थांबणार नाही.